मासेमारी नौकेवरील श्रमिक : सुरक्षितता, करार आणि गावाची जबाबदारी

महाराष्ट्रात मुरुड नावाची गावे एकाहून अधिक आहेत. रायगड जिल्ह्यातील मुरुड जंजिऱ्याच्या जलदुर्गामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या शेजारच्या राजपुरी व एकदरा या कोळी वस्त्यांचा सारा व्यवहार समुद्रावर चालतो. लातूर जिल्ह्यातील मुरुड हे लातूर–बार्शी मार्गावरील बाजारपेठेचे गाव असून तेथील शेतकऱ्याची नजर पावसाळ्यात आकाशाकडे व एरवी विहिरीच्या तळाकडे लागलेली असते. या दुसऱ्या मुरुडपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. मासेमारी नौकेवरील कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार मराठवाड्यातील ग्रामपंचायत सदस्याने, शिक्षकाने किंवा शासकीय अधिकाऱ्याने कशासाठी करावा, असा प्रश्न त्यामुळे सहज उपस्थित होऊ शकेल.

या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत. आजच्या यांत्रिक नौकेवर काम करणारा खलाशी हा पुष्कळ वेळा किनाऱ्यावरचा रहिवासी नसतो. तो डोंगरातील, पठारावरील किंवा परराज्यातील गावाहून हंगामापुरता आलेला स्थलांतरित मजूर असतो. हे पहिले उत्तर. दुसरे असे की, ज्या उचलीच्या पद्धतीने तो कामाला बांधला जातो ती पद्धत ऊसतोडीच्या निमित्ताने मराठवाड्याच्या पूर्ण परिचयाची आहे. तिसरे उत्तर अधिक जवळचे आहे. मासेमारी केवळ समुद्रात होत नाही. मांजरा, विष्णुपुरी यांसारख्या जलाशयांत आणि गावोगावच्या तलावांतही ती चालते, आणि पाण्यावर काम करणाऱ्या माणसाचे रक्षण करणारे नियम तेथेही तितकेच लागू पडतात.

नौका हे कामाचे ठिकाण आहे

राज्याच्या किनाऱ्याची लांबी परंपरेने सुमारे ७२० किलोमीटर अशी नोंदली जात आली आहे. २०१० च्या सागरी मत्स्य गणनेनुसार या किनाऱ्यावर ४५६ मच्छिमार गावे होती. त्यांत ८१,४९२ मच्छिमार कुटुंबे व ३,८६,२५९ इतकी लोकसंख्या होती. शिडाच्या होडीतून यांत्रिक नौकेकडे झालेला प्रवास हा स्वातंत्र्योत्तर काळातील एक मोठा बदल होय. पालघर जिल्ह्यातील सातपाटीसारख्या गावांनी सहकाराच्या बळावर इंजिने बसविली. पुढे ट्रॉलर आले, विंच आले, बर्फाचे कप्पे आले. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी नौका आता अनेक दिवस समुद्रात राहू लागली.

या बदलाने उत्पन्न वाढले, त्याबरोबर कामाचे स्वरूपही पालटले. पूर्वी होडीवर बाप, मुलगा व भाऊबंद असत. होडीचा मालक स्वतःच नाखवा असे आणि बुडालाच तर सर्वांबरोबर बुडे. आता नौकेचा मालक बहुधा किनाऱ्यावर असतो, नौका तांडेलाच्या हाती असते आणि खलाशी पगारावर किंवा वाट्यावर घेतलेले असतात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात नेपाळमधून आलेले खलाशी मोठ्या संख्येने दिसतात. पालघर जिल्ह्याच्या डहाणू व तलासरी भागांतील आदिवासी तरुण गुजरातच्या पोरबंदर, ओखा, वेरावळ येथील नौकांवर जातात. नात्याचा धागा तुटून मालक आणि मजूर हा संबंध निर्माण झाला. परंतु या नव्या संबंधास आवश्यक असलेला लेखी करार, कामाचे तास, विमा आणि तपासणी यांची चौकट मात्र त्या वेगाने उभी राहिली नाही.

कारखान्यात यंत्राला जाळी असते, दारावर हजेरीपट असतो, निरीक्षक येतो. नौका हादेखील एक कारखानाच आहे. फरक इतकाच की तिची जमीन सतत हलती असते, तिच्या भिंतीपलीकडे खोल पाणी असते आणि दवाखाना काही तासांच्या, कधी काही दिवसांच्या अंतरावर असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २४ हजार माणसे मासेमारीच्या कामात मृत्युमुखी पडत होती. त्यानंतर झालेल्या अभ्यासांनी हा आकडा प्रत्यक्षात पुष्कळ अधिक असावा असे दाखविले आहे. कारण लहान नौकांवरील मृत्यूंची नोंदच अनेक देशांत होत नाही.

धोका कोठे असतो

समुद्रावरील मृत्यू म्हटला की वादळ डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात वादळ हे अनेक कारणांपैकी एक आहे. बहुसंख्य अपघात रोजच्या कामातून घडतात आणि त्यांची कारणे साधी, म्हणूनच टाळता येण्याजोगी असतात.

जाळे ओढणारा विंच हा ट्रॉलरवरील सर्वांत धोक्याचा भाग होय. ताणलेला दोर तुटल्यास चाबकासारखा उसळतो. फिरत्या रुळात हात, बाही किंवा पाय अडकू शकतो. रुळावर संरक्षक जाळी आणि हाताशी येईल असा बंद करण्याचा दांडा असल्यास ही दुखापत टळते. दुसरा धोका नौका कलंडण्याचा. जाळे समुद्रतळावरील खडकात अडकले आणि दोराचा ताण एका कुशीवर आला तर नौका कलते. तशातच मासळी डेकवर एका बाजूला रचलेली असेल तर ती पुन्हा सरळ होण्याची शक्ती गमावते. म्हणून मासळी तळाशी व सम प्रमाणात भरणे हा केवळ नीटनेटकेपणाचा भाग नसून जीवरक्षणाचा नियम आहे.

नौकेवरून पाण्यात पडणे हे मृत्यूचे आणखी एक नेहमीचे कारण आहे. कठडा ठेंगणा असतो, डेक मासळीने व पाण्याने निसरडा झालेला असतो. अनेक नौकांवर शौचालयाची सोय नसल्याने माणसाला रात्री नौकेच्या कडेला बसावे लागते. अंधारात तोल गेलेल्या माणसाची हाक इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू येत नाही. शौचालयाचा प्रश्न येथे स्वच्छतेपुरता राहत नाही, तो सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

मासळीच्या कप्प्यातील विषारी वायू हा धोका मराठवाड्यातील वाचकाला लवकर उमजेल. पूर्वी ज्वारी साठविण्याचे पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. झाकण काढून ते काही काळ मोकळे ठेवीत, दिवा सोडून पाहत. बंद कप्प्यात मासळी कुजू लागली की तेथील प्राणवायू कमी होतो आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू तळाशी साचतात. या वायूचा वास सडक्या अंड्यासारखा असतो. परंतु त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि धोका टळला असा भ्रम होतो. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. मुंबईसह देशातील बंदरांत असे मृत्यू घडलेले आहेत. कप्पा आधी पुरेसा वेळ उघडा ठेवणे, पंख्याने हवा खेळविणे, कमरेला दोर बांधल्याविना कोणी न उतरणे आणि वर एक माणूस राखण ठेवणे, एवढ्या चार गोष्टींनी तो टळतो. पेवाचे शहाणपण समुद्रावरही तेच आहे.

शेवटचा धोका थकव्याचा. ट्रॉलरवर जाळे दर काही तासांनी ओढावे लागते आणि हे चक्र रात्रंदिवस चालते. तुटक झोपेवर आठवडा काढलेल्या माणसाच्या हातून चूक होते. पहाऱ्यावरील खलाशाला डुलकी लागली आणि समोरून मालवाहू जहाज आले तर लाकडी नौकेचा निभाव लागत नाही. विश्रांतीचे तास ठरवून देणे याचा अर्थ म्हणूनच केवळ सवलत देणे असा होत नाही.

उचल, वाटा आणि हिशेब

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. हंगाम ऑगस्टमध्ये उघडतो. त्यापूर्वीच माणसे जमविण्याची धावपळ सुरू होते आणि मुकादम किंवा तांडेल गावोगाव जाऊन उचल देतो. ही रक्कम घरातील आजारपण, लग्न, पेरणी किंवा जुने कर्ज यांसाठी लगेच खर्ची पडते. त्यानंतर खलाशाचा हंगाम त्या रकमेच्या फेडीत जातो. काही नौकांवर महिन्याचा पगार असतो, काहींवर वाट्याची पद्धत असते. वाट्याच्या पद्धतीत मासळीच्या विक्रीतून डिझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च वजा जातो, नौका व जाळे यांचा वाटा काढला जातो आणि उरलेली रक्कम खलाशांत विभागली जाते. ही पद्धत मुळात न्याय्य असू शकते, कारण तिच्यात नफ्याबरोबर जोखीमही वाटली जाते. परंतु मासळी कोणत्या भावाने गेली आणि खर्च किती झाला याचा कागद खलाशाला दिसत नसेल तर वाटा हा केवळ सांगणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याची स्थिती याहून फारशी निराळी नसते. तेथेही मुकादम, उचल, हंगाम आणि हंगामाअखेरचा न जुळणारा हिशेब हीच चार पदे असतात. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. फडावरचा मजूर असह्य झाल्यास रात्रीतून निघून रस्त्याला लागू शकतो. किनाऱ्यापासून लांब असलेल्या नौकेवरील माणसाला ती वाटही मोकळी नसते. म्हणूनच आगाऊ रकमेच्या मोबदल्यात माणसाचे जाण्यायेण्याचे किंवा दुसरे काम पत्करण्याचे स्वातंत्र्य हिरावले जात असेल तर त्याकडे अधिक काटेकोरपणे पाहिले पाहिजे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यान्वये असे बंधन बेकायदेशीर आहे. त्या रकमेची परतफेड करण्याची जबाबदारीही रद्द होते. या कायद्याच्या अंमलबजावणीचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे असून जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे.

जिनिव्हा येथील करार

जगात या प्रश्नाचा विचार नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५९ मध्ये मच्छिमारांचे किमान वय, वैद्यकीय तपासणी व सेवाकरार यांविषयी, तर १९६६ मध्ये नौकेवरील निवासाची सोय व तांडेलाची पात्रता यांविषयी स्वतंत्र करार संमत केले होते. यांपैकी बहुतेकांना एकत्र व अद्ययावत करणारा मासेमारीतील कामाविषयीचा करार, क्रमांक १८८, जून २००७ मध्ये जिनिव्हा येथे संमत झाला आणि १६ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. तथापि योग्य वागणुकीची मोजपट्टी म्हणून त्यातील तरतुदी अभ्यासण्याजोग्या आहेत.

नौकेवर काम करणाऱ्याचे किमान वय सर्वसाधारणपणे १६ वर्षे असावे. धोकादायक कामासाठी ते १८ वर्षांहून कमी नसावे. खलाशी कामास योग्य असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र असावे. तीन दिवसांहून अधिक काळ समुद्रात राहणाऱ्या नौकेवर प्रत्येक २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावी. प्रत्येकाशी त्याला समजेल असा लेखी करार व्हावा. नौका निघण्यापूर्वी तिच्यावरील माणसांची यादी किनाऱ्यावरील अधिकृत व्यक्तीकडे द्यावी. पुरेसे अन्न व पिण्याचे पाणी, झोपण्याची जागा आणि औषधांची पेटी असावी. काम मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेऊ नयेत. कामामुळे आजारपण, दुखापत किंवा मृत्यू आल्यास उपचार व नुकसानभरपाईची सोय असावी. आणि या सर्वांची तपासणी करणारी शासकीय यंत्रणा असावी. एवढा या कराराचा सारांश आहे.

आशियात थायलंडने जानेवारी २०१९ मध्ये सर्वप्रथम हा करार स्वीकारला. तेथील नौकांवर शेजारच्या देशांतील गरीब मजुरांना डांबून ठेवल्याची प्रकरणे २०१४ व २०१५ मध्ये जगापुढे आली होती आणि मासळीच्या निर्यातीवर त्याचे सावट पडले होते. निर्यातदार देशाला श्रमिकांच्या स्थितीकडे दुर्लक्ष करणे व्यापाराच्या दृष्टीनेही परवडत नाही, हा त्या अनुभवाचा धडा होय.

देशातील कायद्यांची स्थिती

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये करण्यात आला व २०२१ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. त्याचा मुख्य हेतू कोणी, कोठे व कोणत्या जाळ्याने मासेमारी करावी याचे नियमन हा आहे. व्यापारी नौवहन कायदा, १९५८ मध्ये १९८३ साली मासेमारी नौकांसाठी स्वतंत्र भाग घालण्यात आला. त्यात नौकांची नोंदणी, तपासणी व नौकेवरील माणसांची नोंद यांचा विचार होता. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा व्यापारी नौवहन कायदा मंजूर केला.

श्रमविषयक कायद्यांचेही एकत्रीकरण झाले आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा आणि कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा हे अनुक्रमे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० यांत सामावले गेले. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. सुरक्षा संहिता सामान्यतः दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. लहान नौकेवर सहा ते आठ माणसे असतात. ही संख्येची अट त्यांच्या आड येऊ शकते. ज्याला संरक्षणाची गरज अधिक तोच चौकटीबाहेर राहावा, असा प्रसंग येऊ नये यासाठी राज्याच्या परवान्यांच्या अटी, मच्छिमार सहकारी संस्थांचे नियम आणि विमा योजना यांचा आधार घेणे आवश्यक ठरते.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील समूह अपघात विमा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १८ ते ७० वर्षे वयाच्या मच्छिमारास अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास २ लाख ५० हजार रुपये आणि अपघाती दुखापतीच्या रुग्णालयीन खर्चासाठी २५ हजार रुपये असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले. विम्याचा हप्ता शासन भरते. लाभार्थ्याला काही द्यावे लागत नाही. मात्र नाव यादीत असावे लागते. स्थलांतरित खलाशी नेमका येथे मागे पडतो. गावी तो मच्छिमार म्हणून नोंदलेला नसतो आणि बंदरावर तो रहिवासी नसतो.

वादळाची सूचना आणि परतीचा मार्ग

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. त्याची झळ कोकणातील मच्छिमारांना मोठ्या प्रमाणावर बसली. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर दक्षिणेत उद्भवलेल्या ओखी वादळाच्या वेळी केरळ व तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छिमारांसह भरकटत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या नौकेला ती निघाल्यानंतर दिलेली सूचना पोहोचणे किती कठीण असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. बंदरावरील बावटा नौका बंदरात असेपर्यंतच दिसतो.

त्यानंतर संदेशवहनाच्या साधनांत सुधारणा झाली आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते नौका संपर्क व साहाय्य प्रणालीचा प्रारंभ झाला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील यांत्रिक व मोटारयुक्त नौकांवर टप्प्याटप्प्याने १ लाख ट्रान्सपाँडर बसविण्याची ही योजना असून तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आहे. उपग्रहाच्या द्वारे नौकेला सूचना मिळते आणि नौकेवरून संकटाचा संदेश पाठविता येतो. समुद्रातील संकटसमयी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक उपलब्ध आहेत. तथापि यंत्र बसविणे आणि ते वापरता येणे यांत अंतर असते. नौकेवरील केवळ तांडेलालाच त्याची माहिती असेल आणि तोच पाण्यात पडला, तर ते यंत्र निरुपयोगी ठरते. जीवरक्षक जाकिटाचेही तसेच आहे. ते तपासणीच्या दिवशी दाखविण्यासाठी कप्प्यात ठेवलेले असून चालत नाही. काम करताना अंगावर असावे लागते.

बेपत्ता माणसाचे कुटुंब

जमिनीवर अपघात झाला तर पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, मृत्यूचा दाखला मिळतो. समुद्रात माणूस बेपत्ता झाला आणि देह सापडला नाही तर यांपैकी काहीच होत नाही. पुराव्याच्या कायद्यानुसार सात वर्षे ज्याची खबरबात नाही त्याला मृत मानता येते. मोठ्या आपत्तीनंतर शासन यासाठी विशेष कार्यपद्धती ठरविते. एकट्यादुकट्या खलाशाच्या बाबतीत मात्र कुटुंबालाच धावपळ करावी लागते. मृत्यूचा दाखला नाही म्हणून विमा नाही, वारसनोंद नाही, विधवा म्हणून निवृत्तिवेतन नाही. शिवाय उचलीचा आकडा कोणाच्या तरी वहीत तसाच उभा असतो.

अशा वेळी एका कागदाला फार किंमत येते. अमुक दिवशी अमुक नौका अमुक माणसांसह बंदरातून निघाली, हे सांगणारी यादी किनाऱ्यावर असेल तर तो माणूस त्या नौकेवर होता हे सिद्ध होते. यादी नसेल तर प्रथम तो कामावर होता हेच पत्नीने सिद्ध करायचे असते. गावापासून शेकडो किलोमीटरवरील, कधी न पाहिलेल्या बंदरात जाऊन निरक्षर स्त्रीने ते सिद्ध करावे, ही अपेक्षा करणे म्हणजे तिचा हक्क नाकारण्यासारखेच आहे.

समुद्रसीमेजवळ काम करणाऱ्या खलाशांवर आणखी एक संकट असते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी कुबेर ही मासेमारी नौका बळकावून तिच्यावरील तांडेलाला व खलाशांना ठार मारले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी जलपरी या नौकेवर पाकिस्तानी सागरी यंत्रणेने केलेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातील एका खलाशाचा बळी गेला. सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पकडले गेलेले खलाशी दीर्घकाळ तुरुंगात राहतात. भारत व पाकिस्तान यांच्यातील २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी उभय देश एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या व मच्छिमारांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीतील नावाची ओळख पटविण्याचे काम शेवटी गावापर्यंत येते. तेव्हा ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्या माणसाची नोंद असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

तलावावरील मच्छिमार

करार क्रमांक १८८ मधील व्यावसायिक मासेमारीच्या व्याख्येत नद्या, सरोवरे व कालवे यांतील मासेमारीचाही समावेश आहे. केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहापुरती आणि हौसेची मासेमारी तीतून वगळलेली आहे. मराठवाड्यातील जलाशय मच्छिमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. भोई व अन्य समाजांतील सभासद त्यांत मासेमारी करतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतल्याने हा व्यवसाय वाढण्याची अपेक्षा आहे. पाण्यावर उतरणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचा विचारही त्याबरोबर वाढला पाहिजे.

येथील साधने समुद्रापेक्षा दुबळी असतात. थर्माकोलचा तराफा किंवा हवा भरलेली ट्यूब यांवर बसून पहाटेच्या अंधारात जाळे टाकले जाते. पाणी शांत दिसते म्हणून धोका नाही असा समज असतो. परंतु मोठ्या जलाशयावर उन्हाळ्याच्या अखेरीस अकस्मात वारा सुटतो आणि पाहता पाहता लाटा उठतात. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले. जाळ्यात पाय गुंतलेला माणूस पोहणारा असूनही बुडतो, आणि पाण्यात बुडालेली झाडे व काटेरी खुंट यांमुळे जाळी गुंतण्याचा प्रकार जलाशयात वारंवार घडतो. जीवरक्षक जाकीट, जोडीने काम, कमरेला जाळे कापण्याचा सुरा आणि पाण्यावर कोण गेले याची काठावर नोंद, एवढी तयारी कोणत्याही संस्थेला अल्प खर्चात करता येण्याजोगी आहे.

नियमांनी जीव वाचतात

समुद्र धोक्याचाच असतो, त्याला कोण काय करणार, असे उद्गार पुष्कळदा काढले जातात. त्याला आइसलँडचा अनुभव हे चोख उत्तर आहे. उत्तर अटलांटिकच्या गोठविणाऱ्या पाण्यात मासेमारी करणारा हा छोटा देश. तेथे वर्षानुवर्षे अनेक नाविक समुद्रात प्राण गमावीत. १९८५ मध्ये तेथे नाविकांसाठी सुरक्षा व जीवरक्षण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. एक जुने जहाजच शाळा म्हणून वापरण्यात आले. नाविकांना प्रशिक्षण सक्तीचे झाले, नौकांची रचना व साधने सुधारली, हवामानाची सूचना व नौकांचा माग घेण्याची व्यवस्था बळकट झाली. २००८ हे वर्ष असे उजाडले की त्यात एकही नाविक समुद्रावरील अपघातात मृत्यू पावला नाही. समुद्र तोच होता, थंडीही तीच होती. माणसांची तयारी बदलली होती.

गावाने करावयाची कामे

या विषयात बंदरावरील यंत्रणेची जबाबदारी मोठी आहे. परंतु प्रारंभ खलाशाच्या गावातून होऊ शकतो. ग्रामपंचायतीने स्थलांतर नोंदवही ठेवावी. हंगामी कामासाठी बाहेर जाणाऱ्याचे नाव, मुकादमाचे नाव व दूरध्वनी क्रमांक, कामाचे ठिकाण, घेतलेली उचल आणि घरातील वारस यांची नोंद तीत करावी. नौकेवर जाणाऱ्याच्या बाबतीत बंदर, नौकेचे नाव व नोंदणी क्रमांक टिपावा. ऊसतोड, वीटभट्टी व मासेमारी या तिन्हींसाठी एकच वही पुरेशी आहे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याने जाणाऱ्या प्रत्येकाची असंघटित कामगार म्हणून ई-श्रम नोंदणी झाली आहे किंवा नाही हे पाहावे. ही व्यवस्था २६ ऑगस्ट २०२१ पासून उपलब्ध आहे. तलावातील मासेमारी संस्थेच्या सभासदांची नावे समूह अपघात विम्याच्या यादीत आहेत याची खातरजमा सचिवाने मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावी. उचल देताना दोन प्रतींत साधा कागद करण्याचा आग्रह धरावा. त्यावर रक्कम, कामाचा कालावधी, पगार अथवा वाट्याचे प्रमाण आणि परतीच्या प्रवासाचा खर्च कोणाकडे हे लिहिलेले असावे. एक प्रत घरी राहावी. असा कागद करण्यास तयार नसलेला मुकादम पुढे हिशेब देण्यास तयार होईल, असे मानण्यास आधार नाही.

शिक्षकांची भूमिका विशेष महत्त्वाची आहे. आठवी-नववीतून अचानक गैरहजर झालेला मुलगा कोठे गेला याचा शोध प्रथम शाळेलाच लागतो. २०१६ मधील सुधारणेनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, कुटुंबातील मदतीसारखे मर्यादित अपवाद वगळता, कायद्याने बंदी आहे आणि १४ ते १८ वयोगटातील मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. हे पालकांना हंगामापूर्वी, म्हणजे उचल घेतली जाण्याआधी, सांगितले तर उपयोग होतो. नंतर सांगून रकमेचा प्रश्न उभा राहतो. तलावाकाठच्या शाळांतून पोहणे, दोर फेकून बुडणाऱ्याला वाचविणे आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास देणे यांची प्रात्यक्षिके घेता येतील.

महसूल व कामगार विभागांच्या अधिकाऱ्यांनी वेठबिगार दक्षता समितीच्या बैठकीत स्थलांतरित खलाशांचा विषय घ्यावा आणि गरज पडल्यास किनारी जिल्ह्यातील अधिकाऱ्यांशी थेट पत्रव्यवहार करावा. बेपत्ता खलाशाच्या कुटुंबाचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहू नये, यासाठी तहसील पातळीवर एका अधिकाऱ्यावर त्याची जबाबदारी सोपविणे इष्ट ठरेल.

यांपैकी कोणतेही काम मोठ्या निधीची वाट पाहणारे नाही. नोंदवही, दोन प्रतींतील कागद, विम्याच्या यादीतील नाव, अंगावरचे जाकीट आणि उघडा ठेवलेला कप्पा या साध्या गोष्टी आहेत. त्या वेळेवर झाल्या तर हंगामाच्या अखेरीस खलाशी घरी परततो. आणि दुर्दैवाने परतला नाही, तर त्याच्या मुलाबाळांचा हक्क तरी समुद्रात बुडत नाही.